एकशे सतरावं पान

फरशीवर वाटी टेकली. टक्. त्याआधी घरात कितीतरी वेळ कसलाच आवाज नव्हता. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकायचंही थांबलं होतं, बाहेर प्रतापनगरातले रिकामे प्लॉट उन्हानं पांढरे पडले होते, आणि गोपी माझ्याजवळ चटईवर घामेजून झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, एक पाय माझ्या पोटावर. साडेअकरा झाले, एवढंच एरवी त्या आवाजावरून मला कळतं. सात वर्षं झाली, स्वयंपाकघराच्या दाराआड, जिथे केरसुणी ठेवत नाहीत त्या कोपऱ्यात, आत्याबाई, माझ्या सासूबाई, एक लहान पितळी वाटी ठेवतात. वाटीत घासभर दूधभात. पूर्वी त्या ठेवताना हलकेच काहीतरी म्हणायच्या, आता म्हणत नाहीत. तासाभरानं तो भात पलीकडच्या प्लॉटातली पिवळी कुत्री खाते आणि वाटी घासून पालथी पडते. रोजचं आहे. घड्याळाचे ठोके जसे कानावर पडून ऐकू येत नाहीत तसा तो आवाज मला ऐकू येत नसे. आज आला, आणि मी दचकले. हातातलं पुस्तक गोपीच्या पायावर पडलं. ती झोपेतच कण्हली. मी पुस्तक उचललं तेव्हा पुन्हा तेच पान उघडलं, एकशे सतरावं, कारण सकाळपासून मी तेच उघडत होते आणि पुस्तकाला आता तिथेच उघडायची सवय लागली होती.

पुस्तक सकाळच्या टपालानं आलं. जाड खाकी कागद, त्यावर तिकिटांची रांग, आणि माझं नाव इतक्या नीट इंग्रजी अक्षरात की क्षणभर दुसऱ्याच कोणाचं वाटलं. आत्याबाईंनी कागदाचा वास घेतला. "टरबुजबाईचं हाय का?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. मिस टर्नबुलला त्या पहिल्या दिवसापासून टरबुजबाई म्हणत. तिचं तोंड आमच्या हिवाळ्यातल्या उन्हातही लालभडक व्हायचं म्हणून, आणि टर्नबुल हे नाव तोंडात ठेवायला त्यांना जागा नव्हती म्हणूनही. तीन वर्षांपूर्वी ती अमेरिकेहून आली होती. खेड्यातून शहरात आलेल्या घरांमध्ये लेकरं कशी वाढवतात हे तिला लिहायचं होतं, आणि माझ्या जुन्या कॉलेजातल्या कोणीतरी माझं नाव सुचवलं. पदवीधर आहे, इंग्रजी येतं, सासू काटोलकडच्या खेड्यातली आहे, घरात दोन वर्षांची मुलगी आहे. सगळं तिला हवं तसं. चाळीस दिवस ती आमच्या अंगणात बसली. आत्याबाई बोलायच्या, मी इंग्रजीत सांगायची, ती लिहून घ्यायची. माठातलं पाणी पिऊन तिचं पोट बिघडलं तेव्हा आत्याबाईंनी तिला जायफळ उगाळून चाटवलं आणि मला म्हणाल्या, "तिले सांग, तुमच्या देशात कोणी नसंल तं इथंच राहा म्हणा. एक भाकर जास्त थापीन." मी ते सांगितलं. तीही तिनं लिहून घेतली, ती भाकर. जाताना ती रडली होती. वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सकाळपासून तिच्यावर रागवायचं कारण शोधतेय आणि ते सापडत नाही.

पार्सल सोडून होतं न होतं तोच आत्याबाईंनी कुंपणाशी जाऊन शोभाताईंना हाक मारली होती. शोभाताई शेजारच्या, त्यांचे मिस्टर पोस्टात, आणि त्यांच्या समोरच्या इंदुताई, अशा आम्ही तिघी-चौघी उन्हाळ्यात एकमेकींकडे वाळवणाला बसतो. आज दुपारी आमच्याकडे सरगुंडे वळायचे होतेच. "कणीक भिजवून ठेवते," आत्याबाई म्हणाल्या, "अन् नीला वाचून दाखवंल. माह्याबद्दल काय काय लिवलं ते आयकू सगळ्या." त्यांच्या आवाजात असा काही हुरूप होता की मला त्यांच्याकडे बघवेना. एरवी त्यांच्याबद्दल कोणी कधी काही लिहिलं नाही. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, यांच्या नोकरीच्या कागदावर 'आई' एवढंच. हे खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनवर शिफ्टमध्ये असतात, तिथल्याच कॉलनीत मित्राच्या खोलीवर राहतात आणि आठवड्याला सुट्टीच्या दिवशी घरी येतात. ते असते तर आईला म्हणाले असते, बाई, राहू दे आता, नीला दमली आहे. आणि खरंच मी दमले आहे. कशानं, ते सांगता येत नाही. गोपीला पहाटे ताप होता म्हणून म्हणावं तर तो उतरलाही. उन्हानं म्हणावं तर नागपूरचं ऊन काय यंदाच पडलं? डोळ्यांच्या मागे वाळू साचल्यासारखी वाटते, हात उचलताना तो दुसऱ्या कोणाचा तरी उचलावा तसा उचलावा लागतो.

पानावर आठ ओळी आहेत. आत्याबाई त्यात 'म्हातारी' आहेत आणि मी 'सून' आहे. या घरात रोज दुपारी दाराआड भाताची एक लहान वाटी ठेवली जाते, ती कोणी खात नाही आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, असं लिहिलं आहे. मी विचारलं तेव्हा, असं मिस टर्नबुल पुढे लिहिते, म्हातारी गप्प राहिली. सून, जी पदवीधर आहे, हसून म्हणाली: ही एक स्ट्रेंज, जरा क्विअर अशी सवय आहे, खेड्यातल्या लोकांची. सासू असं का करते ते मला माहीत नाही, असंही सून म्हणाली. मग पुढे मिस टर्नबुलचं स्वतःचं एक वाक्य, की दोन पिढ्यांमधलं अंतर या वाटीएवढंच लहान आणि या वाटीइतकं खोल आहे. चांगलं वाक्य आहे. माझ्या सरांनी त्याखाली रेघ ओढली असती. मी सकाळपासून त्यातल्या एकाच शब्दापाशी अडते आहे. हसून. मी हसले होते? बाकीचं सगळं मला आठवतं. अंगणात मेथीच्या जुड्या होत्या, गोपी देठांची घरं करत होती, मिस टर्नबुलच्या पेनात शाई कमी होती म्हणून ती ते झटकत होती आणि तिच्या स्कर्टवर निळे थेंब पडले होते. माझं हसणं तेवढं आठवत नाही. पण तिनं लिहिलंय म्हणजे असणार. ती बघून लिहायची.

ते शब्द मला कुठून आले ते मात्र नेमकं सांगता येईल. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला गणपतराव सर होते. काळी टोपी, खांद्यावर खडूची भुकटी, आणि इंग्रजी बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. एके दिवशी त्यांनी फळ्यावर एकाखाली एक अकरा शब्द लिहिले आणि म्हणाले, "इंग्रजाला नवं काही दिसलं की तो घाबरत नाही. शब्द काढतो. हे अकरा त्याचे डबे आहेत. काय कोणत्या डब्यात भरायचं ते ज्याला कळलं त्याला इंग्रजी आलं." स्ट्रेंज, ऑड, क्विअर, पिक्युलिअर, क्युरिअस, क्वेंट, सिंग्युलर, एक्झॉटिक, आउटलँडिश, वीअर्ड, अनकॅनी. सगळे 'विचित्र'चेच भाऊबंद. मी पाठ करायला एक युक्ती काढली होती. प्रत्येक शब्दाला आपल्या गावातलं, घरातलं काहीतरी जोडून द्यायचं. ऑड म्हणजे देवळाबाहेर उरलेली एकच चप्पल. क्वेंट म्हणजे माझ्या वडिलांची पानाची पेटी, जिला चुन्यासाठी वेगळा चोरकप्पा होता. वीअर्ड म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, पहिल्यांदा खांद्यावर बसून बघितली तेव्हाची, ती पिवळी अगडबंब बाई डोलत माझ्याकडेच येतेय अशी. आउटलँडिश म्हणजे आमच्या गल्लीत एकदा वाट चुकून आलेला उंट. क्विअर म्हणजे समोरचे बाबाराव, जे रोज संध्याकाळी दाराला कुलूप लावून, चार पावलं जाऊन, परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि मग पुन्हा चार पावलं. असं करता करता सगळी गल्ली मी इंग्रजीत नेली. तेव्हा मला फार मजा वाटायची. रोजच्या माणसांवर एकेक शब्द ठेवला की ती जरा लांब जातात, लहान होतात, नीट दिसतात. आता वाटतं, मी बाबारावांना एकदाही विचारलं नाही की कुलूप का ओढून बघता. शब्द मिळाला होता, मग विचारायचं काय?

अनकॅनीला मात्र मला काही सापडलं नव्हतं. सरांनी सांगितलं होतं, ओळखीच्याच गोष्टीत काही अनोळखी दिसलं की अंगावर जे येतं ते. मी रात्ररात्र विचार केला, आमच्या घरात तसं काही नव्हतं. भुताखेतांच्या गोष्टी लावून बघितल्या, त्या बसेनात. परीक्षेत तो शब्द आला नाही आणि मी सुटले. दहाच शब्दांवर मला चांगले मार्क पडले.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला. आठ दिवस होता. दवाखान्यातून घरी आणलं होतं, जन्मापासूनच्या सहाव्या रात्री त्याचा श्वास चुकायला लागला, आणि आठव्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा तो नव्हता. यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हेच त्याच्याबद्दलचं सगळ्यात कठीण आहे. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणून त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. आम्ही त्याला बापू म्हणायचो, पण बापू तर विदर्भात सगळ्याच मुलांना म्हणतात. त्याला नेलं, पुरलं, पुरुष आंघोळी करून आले, चहा झाला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले ती ओल्या पोलक्यात. दूध आलं होतं. नेहमीच्या वेळेला, नेहमीइतकं. बाळ गेलं हे घरादाराला कळलं होतं, यांना कळलं होतं, शेजाऱ्यांना कळलं होतं, फक्त माझ्या अंगाला कोणी सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती, कुठेतरी कोणाचं तरी लेकरू रडलं आणि धारा लागल्या, आपोआप, मला न विचारता. मी आपल्याच अंगाकडे पाहत बसले होते आणि मनात लख्खपणे तो शब्द आला. इतकी वर्षं रिकामा राहिलेला डबा. हा तो, हेच ते, असं मला वाटलं, आणि त्यातही, देवा, बरोबर शब्द सापडल्याचं काहीतरी बारीकसं सुख होतं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आत्याबाई आत आल्या. दार लोटलं, माझ्यामागे बसल्या, देवघरातली नैवेद्याची पितळी वाटी आणली होती, आणि आपल्या खरखरीत, भाकरी थापून थापून जाड झालेल्या तळव्यांनी त्यांनी ते सगळं दूध हळूहळू पिळून काढलं. दुखत होतं. "रड," म्हणाल्या, "पन हालू नोको." मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट बांधली. वाटी भरली होती. मी म्हटलं, फेकून द्या. त्या म्हणाल्या, "काहून फेकू? ज्याचं हाय त्याच्यासाठी ठेवू." आणि उठून दाराआड कोपऱ्यात वाटी ठेवली. टक्. "घे बापू," म्हणाल्या. असं वीसेक दिवस, रोज. मग दूध आटलं. त्या दिवशी वाटीत काही पडलं नाही तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं असेन, मला आठवत नाही मी कसं पाहिलं, कारण त्या पटकन उठल्या आणि तपेलीतलं गाईचं दूध घेतलं, त्यात चार शितं चुरली. "त्याचं श्राद्ध कोनी करत नाई," म्हणाल्या. "पितरात त्याची जागा नाई. कावळ्याले आपन बोलावतो तं नाव घेऊन बोलावतो. याचं नाव कोनतं घेऊ? म्हनून हे. मी हाव तंवरी." आमच्यात असा रिवाज नाही. त्यांच्या माहेरीही नव्हता, मी एकदा त्यांच्या बहिणीला आडवळणानं विचारलं होतं. तो त्यांनी काढलेला. माझ्याकरता काढलेला. दोन वर्षांनी गोपी झाली, वाटी चालूच राहिली, आणि आम्ही दोघी त्यानंतर त्याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही.

म्हणजे मला माहीत होतं. मिस टर्नबुलनं पेन झटकत विचारलं, व्हाय, तेव्हा माझ्याखेरीज जगात हे फक्त आणखी एका बाईला माहीत होतं आणि ती शेजारी बसून मेथी निवडत होती. आत्याबाईंना इंग्रजी येत नाही, पण मिस टर्नबुलचं बोट दाराकडे होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांग, असं नव्हतं ते पाहणं. तुले सांगायचं असंल तं सांग, असं होतं. आणि मी ते दोन शब्द काढले. का, ते मी सकाळपासून स्वतःला विचारते आहे. एक तर ते तयार होते, धुऊन पुसून ठेवलेले, आणि दुसरं सगळं कुठून सुरू करायचं ते मला कळत नव्हतं. मराठीतच ज्याला तोंड फुटलं नव्हतं ते इंग्रजीत कसं आणायचं? दुसरं असं की त्या चाळीस दिवसांत मला लांब राहायची सवय झाली होती. इंग्रजीत सांगितलं की ते दुसऱ्याच कोणाच्या घरात घडायचं, कोणी एक म्हातारी, कोणी एक सून, आणि मी आपली मधल्या उंबऱ्यावर, हसतमुख, पदवीधर. दोन तास मी माझ्या घरात नसायची. तो आराम होता. दमलेल्या माणसाला आरामाची किंमत विचारायचं सुचत नाही.

गोपी उठली. तिला आंब्याचं पन्हं दिलं, तिनं अर्धं सांडलं. ती हल्ली कोपऱ्यावरच्या कॉन्व्हेंटात जाते. कॉन्व्हेंट म्हणजे काय, एका मास्तरणीबाईंच्या घराची पुढची खोली, भिंतीवर चित्रं, तीस पोरं. तिथून आल्यापासून ती घरातल्या प्रत्येक वस्तूला बोट लावून विचारते, याला काय म्हणते, याला काय म्हणते. मी सांगते. कधी कधी सांगताना वाटतं, हळू गं बाई, एवढी घाई करू नको.

अडीचला सगळ्या जमल्या. ओसरीवर सावली होती पण सावलीलाही वाफा होत्या. मधे परात, भोवती आम्ही, प्रत्येकीच्या हातात काडी. कणकेची बारीक लोळी काडीवर गोल गोल गुंडाळायची, तळहातानं फिरवायची आणि अलगद ओढून काढायची, की पोकळ सरगुंडा कापडावर पडतो. आत्याबाईंचे सरगुंडे एकसारखे, मोजून घेतल्यासारखे. माझे कधी जाड कधी चपटे. आज मला वाचायचं होतं म्हणून मी भिंतीला टेकून बसले होते.

"फोटू हाय का पयले सांग," इंदुताई म्हणाल्या.

"नाही, फोटो नाही."

"घ्या! मंग काय कामाचं पुस्तक? मले वाटलं, आत्याबाई नऊवारीत झळकून राहिल्या असतीन."

"चूप वं इंदे," शोभाताई म्हणाल्या. "फोटूत काय हाय? तिकडं अमेरिकेत लोकं वाचून राहिले आमच्या आत्याबाईले. तुले तं इथं पलीकडल्या लायनीत कोनी वळखत नाई."

"वळखते नं. भांडखोर म्हनून वळखते."

सगळ्या हसल्या. आत्याबाईही हसल्या, पण काडीवरून नजर काढली नाही. त्यांनी आज धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मी पुस्तक उघडलं, एकशे सतरावं पान अंगठ्याखाली धरून ठेवलं आणि आधीचं वाचायला लागले. लेकराच्या मालिशचं होतं. आजी पायावर नातीला पालथी घालते आणि कणीक मळावी तशी तिला मळते, आणि पोर रडत नाही, झोपते. "बराबर लिवलं वं!" शोभाताई ओरडल्या. दृष्ट काढायचं होतं, पाळण्याच्या दोरीला बांधलेल्या बिब्ब्याचं होतं, जायफळाचं होतं. मिस टर्नबुलनं भाकरीचंही लिहिलं होतं, एक जास्त थापीन ते, तसंच्या तसं. ते मी वाचलं तेव्हा आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं, जणू घामच. "आठवन ठेवली बिचारीनं," म्हणाल्या. मला वाटलं एवढ्यात संपवावं. पुस्तक मिटलं, म्हटलं, बाकी सगळं शहरातल्या इतर घरांचं आहे. गोपी माझ्या मांडीला टेकून कणकेची चिमणी करत होती. पिवळी कुत्री फाटकापाशी पडली होती.

"अन् वाटीचं?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचा हात चालूच होता.

"कोनती वाटी?" इंदुताईंनी विचारलं. "ते कुत्रीले ठेवता ते?"

"वाटीचं लिवलं असंल नं तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "तिनं तुले इचारलं होतं. मेथी निसत होतो आपन."

लिहिलं नाही म्हणता आलं असतं. तेवढं सोपं होतं. पण त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली होती, हे मला त्या क्षणी कळलं, पुस्तकाची नाही, या पानाची. मी त्या अंगणात काय बोलले ते त्यांना कधी विचारता आलं नाही, आणि ते कुठेतरी लिहून ठेवलंय हे त्यांना माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि पुढचा सरगुंडा ओढला असता, आणि मग उद्या साडेअकराला ती वाटी टेकली असती तेव्हा मी कुठे बघितलं असतं? आणि आहे ते वाचलं असतं तर? मी पुस्तक उघडलं. ते आपणहून उघडलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

या घरात, मी वाचलं, रोज दुपारी दाराआड भाताची एक लहान वाटी ठेवतात. इथवर पुस्तकातलं होतं. मग मी श्वास घेतला आणि पुढे वाचत गेले, थांबत थांबत, इंग्रजीतून मराठी करताना जशी थांबते तशी. सून म्हणते, मी वाचलं, की मला माहीत आहे ही वाटी कोणाची आहे. मला आधी एक मुलगा झाला होता. आठ दिवसांचा होऊन गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला दूध आलं तेव्हा माझी सासू माझ्यामागे बसली, आणि ते दूध तिनं आपल्या हातानं काढलं आणि फेकू दिलं नाही. ज्याचं आहे त्याच्यासाठी ठेवू म्हणाली. या वाटीत पहिले वीस दिवस माझं दूध होतं. सून म्हणते, की तो मुलगा कोणाच्याच खात्यात नाही, त्याला नाव नाही, त्याचं पान कुठे मांडत नाहीत, पण आमच्या घरात तो रोज जेवतो. मला वेड लागलं असतं, ते लागलं नाही, ते या वाटीमुळे. सून म्हणते, की असं करायची आमच्यात रीत नाही. ही रीत माझ्या सासूनं माझ्यासाठी केली, आणि मी तिला कधी एका शब्दानं...

इथे मला पुढचं वाचता आलं नाही. उन्हात कुठेतरी सायकलच्या चेनचा आवाज जाऊन विरला. कापडावरचे सरगुंडे वाळत होते, कडांना पांढरे होत होते. इंदुताईंनी मनगटानं डोळा पुसला, बोटांना कणीक होती म्हणून. "माय वं," त्या म्हणाल्या, "अन् मी कुत्रीचं म्हनत होती." शोभाताईंनी आपल्यापुढची कणीक थोडी तोडून आत्याबाईंच्या पुढ्यात सरकवली. कारण आत्याबाईंच्या हातातली संपली होती आणि त्या रिकाम्या काडीवरच तळहात फिरवत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "हे मी टरबुजबाईले सांगतलं नव्हतं."

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं."

"तवाच?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, तो डोळा दुधाळ दिसतो, आणि त्या कोणत्या डोळ्यानं बघताहेत ते हल्ली कळत नाही. मग त्यांनी नवी लोळी काडीवर घेतली. "बरं केलं वं," म्हणाल्या. "मले वाटत होतं, तुले सांगवलं नसंल. मीनं मनात म्हटलं, जाऊ दे, पोरीच्यानं बोलवत नाई तं. तिची जखम हाय." त्यांचा आवाज साधा होता, मीठ कुठे आहे सांगावं तसा. आणि मला एकदम इतका थकवा आला की वाटलं इथेच, या कणकेच्या परातीशेजारी आडवं व्हावं, कोणीतरी डोक्यावर पदर टाकावा आणि दोन दिवस उठवू नये. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण त्याच्या खाली काहीतरी टोचत राहिलं. खरं होतं ते मी बोलले होते, एकेक अक्षर खरं, आणि ते सगळं खोटं वाचलं होतं. याला सरांच्या अकरांमधला कोणता शब्द, हे शोधायला माझं मन सवयीनं निघालंच होतं. मी त्याला परत बोलावलं.

पुस्तक माझ्या मांडीवरून सरकलं होतं. गोपीनं ते आपल्याकडे ओढून घेतलं. चिमणी बाजूला ठेवून तिनं हात फ्रॉकला पुसले, तसे आम्ही तिला नेहमी सांगतो, आणि पान नीट सपाट केलं. माझं बोट होतं तिथे कणकेचा नाही, घामाचा एक ओला ठसा उमटला होता. तिनं आपलं बोट त्यावर ठेवलं आणि ओळीवरून हळूहळू पुढे न्यायला लागली, ओठ हलवत, एकेक अक्षर ओळखत. ओळ संपली की खालच्या ओळीला. आठही ओळी.

"पाहा वं पोट्टी," शोभाताई डोळे पुसत हसल्या, "आईवानीच वाचून राहिली."

"आई," गोपी म्हणाली, "दुधाले मिल्क म्हणते न?"

"हो."

"एम-वालं?"

"हो, बाळा."

ती पुन्हा वर गेली, पहिल्या ओळीपासून. आत्याबाईंची काडी थांबली. गोपीचं बोट दुसऱ्यांदा खालपर्यंत आलं, शेवटच्या ओळीच्याही खाली गेलं, जिथे पानावर नुसता आकडा होता, आणि मग तिनं पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरलं.

"मंग दूध कुठं लिवलं हाय, आई? दाखव न मले."